मिस, अम्मीला सांगू नका

सहामाही परीक्षेचे पेपर मी वर्गात वाटत होते. नववीतली एक मुलगी, मराठीत नेहमी चांगले मार्क घेणारी, यावेळी कशीबशी पास झाली होती. मधल्या सुट्टीत तिला थांबवून विचारले. आधी ती काही बोलेना, मग हळूहळू सगळे बाहेर आले.

घरी भाईच्या जुन्या फोनवर ती फ्री फायर खेळायची. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात चार-चार जणांचा गट करून खेळता येते आणि गटातले एकमेकांशी माइकवर बोलू शकतात. बाकीचे तिघे कोण, कुठले, हे माहीत असेलच असे नाही. ही मुलगी माइक बंद ठेवूनच खेळायची, खेळातले नावही मुलासारखे घेतले होते. एका रात्री साथीदाराला सावध करायला घाईत माइक लावला आणि आवाजावरून ती मुलगी आहे हे कळले. त्या दिवसापासून एक जण मागेच लागला. आधी घाणेरडे बोलणे, मग नंबर मागणे, नकार दिल्यावर शिव्या. तिचे खेळातले नाव आणि इन्स्टाग्रामवरचे नाव एकच होते. त्याने तिचा ईदचा फोटो शोधून काढला आणि तो घाणेरड्या चित्राला जोडून पसरवण्याची धमकी दिली.

हे ऐकल्यावर मी काय विचारले असेल? "पण तू माइक लावलास कशाला?"

वीस वर्षे शिकवते आहे, बीएडला बालमानसशास्त्र शिकले आहे, तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला. मुलीचा चेहरा मिटला. ती एवढेच म्हणाली, "मिस, अम्मीला सांगू नका. फोन तर जाईलच, शाळापण बंद होईल."

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगी त्या मुलाला घाबरत होतीच, पण त्याहून जास्त ती आपल्याला घाबरत होती. धमकी देणाऱ्याची सगळी ताकद यातच असते. मुलगी घरी सांगणार नाही याची त्याला खात्री असते, आणि ही खात्री त्याला आपणच दिलेली असते.

हे काही एकट्या आपल्या मोहल्ल्याचे दुखणे नाही. नागपूरहून सावनेर, सौंसर ओलांडले की छिंदवाडा जिल्हा लागतो. तिथल्या उमरानाला गावची पायल धारे 'पायल गेमिंग' या नावाने बीजीएमआय खेळते आणि लाखो लोक तिचा खेळ यूट्यूबवर पाहतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान देशातल्या सात गेमर्सना भेटले, त्यांत ती एकटीच मुलगी होती. २०२५ च्या डिसेंबरमध्ये एक अश्लील व्हिडिओ तिच्या नावाने पसरवला गेला. ती गप्प बसली नाही. व्हिडिओतली मुलगी मी नाही, असे तिने जाहीरपणे सांगितले आणि महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तपासात तो व्हिडिओ बनावट असल्याचे पोलिसांनीच स्पष्ट केले. पण तोवर तो किती फोनमध्ये फिरून आला होता! पुढे पाठवणारे सगळे काही गुंड नव्हते. तुमच्या-माझ्या घरातलेच लोक होते.

अशा वेळी सूरह नूर आठवावी. हजरत आयशा (रजि.) यांच्यावर मदिन्यात तोहमत घेतली गेली, तेव्हा ती उठवणाऱ्यांची निंदा तर झालीच, पण ऐकून ती जिभेवर फिरवणाऱ्यांनाही जाब विचारला गेला. ऐकताक्षणीच चांगला गुमान का केला नाही, हे उघड खोटे आहे असे का म्हटले नाही? पाकदामन स्त्रीवर चार साक्षीदारांशिवाय आरोप करणाऱ्याला ८० कोड्यांची शिक्षा याच सूरहमध्ये आहे. मग "बघा तर काय आलंय" म्हणत फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकणे कशात मोडते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्या समाजाने तर ही आग जवळून पाहिली आहे. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुल्ली डील्स' नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा खोटा लिलाव मांडला गेला. काही भगिनींनी धीर करून तक्रारी केल्या, पण सहा महिने कुणालाही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी तोच प्रकार 'बुल्ली बाई' या नावाने पुन्हा झाला. यावेळी मुंबईच्या सायबर पोलिसांनी तक्रार घेतली आणि काही दिवसांतच अटका सुरू केल्या. मग सुल्ली डील्सचा आरोपीही पकडला गेला. स्त्रिया दोन्ही वेळा बोलल्या होत्या. फरक पडला तो ऐकणाऱ्यांमुळे. आणि पकडले गेलेले कोण होते? बहुतेक विशीच्या आसपासची, शिकणारी मुले.

बाहेरच्या देशांतही वेगळे चित्र नाही. फ्रान्समधल्या युबिसॉफ्ट या गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपनीतला छळ तिथल्या कर्मचाऱ्यांनी २०२० मध्ये उघडकीस आणला. तीन माजी अधिकारी कोर्टात दोषी ठरायला २०२५ चा जुलै उजाडला. न्याय उशिरा येतो, पण कुणी बोललेच नाही तर तो येतही नाही.

म्हणून मुलगी बोलते तेव्हा पहिले काम ऐकण्याचे. 'तू तिथे गेलीसच का?' हा प्रश्न त्या दिवशी गिळून टाकावा. "बरं झालं सांगितलंस, चूक तुझी नाही" एवढे म्हणावे. खेळ किती वेळ खेळावा, खेळावा की नाही, याची चर्चा नंतर होऊ शकते. आणि चर्चा करायची तर भावाच्या खेळाचीही करावी.

दुसरे, रागाच्या भरात काही पुसू नये. चॅट, त्या मुलाचे खेळातले नाव आणि आयडी, तारीख-वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि मग त्याला ब्लॉक करावे. त्याला पैसे किंवा दुसरा फोटो मुळीच देऊ नये, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. खेळातही तक्रारीचे बटण असते, तेही दाबावे.

तिसरे, पोलीस. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन क्रमांक आहे. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर स्त्रिया व मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. नागपुरात सायबर पोलीस ठाणे आहे, भरोसा सेल आहे. आपल्या हद्दीतले नाही म्हणून कोणतेही ठाणे गुन्हा नोंदवायला नकार देऊ शकत नाही. नको म्हटल्यावरही इंटरनेटवर स्त्रीच्या मागे लागणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदा लागतो आणि माहिती असूनही न कळवणे हा त्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. म्हणूनच मी त्या मुलीला 'कुणाला सांगणार नाही' असे वचन देऊ शकले नाही. "सांगावं लागेल, पण आपण दोघी मिळून सांगू," असे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिच्या अम्मीला शाळेत बोलावले. ऐकता ऐकता त्यांनी ओढणी तोंडाला लावली. मला वाटले, आता मुलीवर हात उठतो. मी म्हटले, "बाजी, ही तुमच्याजवळ मदत मागायला आली आहे." त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग मुलीला जवळ ओढून एवढेच म्हणाल्या, "इतके दिवस एकटी रडत होतीस?"

आम्ही तिघी पोलिसांकडे गेलो. पुढे तो मुलगा सापडला. तोही अल्पवयीन, त्यामुळे तो कुठला ते लिहीत नाही. त्याची आई सारखी म्हणत होती, "माझा मुलगा तर घराबाहेरही पडत नाही हो." त्या माउलीचे खरेच होते. तो घरातच असायचा, शेजारच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. तो कुणाशी काय बोलतो हे घरात कुणी विचारले नव्हते. मुलींच्या फोनवर आपली नजर असते, मुलाच्या हेडफोनमधले आपल्याला ऐकू येत नाही. नजर खाली ठेवण्याचा हुकूम सूरह नूरमध्ये आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना नंतर. हे मुलाला मिसरूड फुटायच्या आत शिकवायचे असते.

२८ व्या पाऱ्याची सुरुवात सूरह मुजादलाने होते. हजरत खौला (रजि.) नवऱ्याच्या जुलमाची तक्रार घेऊन रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे आल्या आणि हटून बसल्या. ती तक्रार अल्लाहने ऐकली, आणि त्या रिवाजाविरुद्ध हुकूम उतरला. पुढे खलीफा असताना हजरत उमर (रजि.) भर रस्त्यात या म्हाताऱ्या बाईंचे बोलणे ऐकत उभे राहिले होते, अशी रिवायत आहे.

आपल्याला तर घरातल्या घरात, चुलीपाशी दहा मिनिटे बसून ऐकायचे आहे. आज रात्री जेवण झाल्यावर मुलीला जवळ बसवा आणि सांगा, "कुणी काही बोललं तर आधी मला सांगायचं, मी रागावणार नाही." मग तिने सांगितले की शब्द पाळा. ती मुलगी आता दहावीत आहे. परवा वही देताना म्हणाली, "मिस, आता मी अम्मीला सगळं सांगते."