हावड्याचा पूल

मंडळी, नागपुराहून हावडा मेलने कोलकात्याला गेलेला माणूस उतरतो तो हावड्यात. शहर राहते हुगळीच्या पलीकडे. स्टेशनाबाहेर यावे, तो समोर पोलादाचा डोंगरच उभा! परगावचा माणूस मान वर करून पाहत राहतो. डोक्यावर पाटी घेतलेला तिथला हमाल मात्र ‘बाजूला व्हा’ म्हणत झपाझप निघून जातो. पाहुण्याला पूल दिसतो, तिथल्या माणसाला तो लागतो. दोन्ही नजरांनी पाहिला, म्हणजे पूल पुरता कळतो.

पूर्वी येथे १८७४ सालचा तरता पूल होता. जहाज आले की तो उघडावा लागे आणि माणसे, गाड्या खोळंबत. म्हणून नव्या पुलाचा एकही खांब नदीच्या पात्रात घ्यायचा नाही, असे ठरले. मग १,५०० फुटांचा हा पल्ला अधांतरी राहिला कसा?

आपल्या घराचा सज्जा आठवा. त्याची तुळई बाहेर डोकावते, पण मागचे टोक भिंतीच्या ओझ्याखाली दाबलेले असते. इथेही तसेच आहे. दोन्ही काठांवरून ४६८ फुटांचा एकेक हात पुढे आला आहे. त्या हातांवर मधला ५६४ फुटांचा तुकडा पेलला आहे. मागची टोके जमिनीत जखडली आहेत. रस्ता खाली लोंबत्या पोलादी दांड्यांना टांगलेला आहे.

जोडकामाला नटबोल्ट नाहीत, सारे रिव्हेट. पोलाद सुमारे २६,५०० टन. महायुद्धामुळे विलायतेचा माल येईना, तेव्हा त्यातले सुमारे २३,००० टन टाटांच्या कारखान्याने पुरवले. फेब्रुवारी १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, गाजावाजा न करता पूल खुला झाला. १९६५ साली त्याला रवींद्र सेतू हे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी हावडा ब्रिजच.

आता एक लाजेची गोष्ट. एवढ्या बळकट पुलाला त्रास कशाचा झाला, ठाऊक आहे? पानाच्या पिचकाऱ्यांचा! त्या टांगत्या दांड्यांच्या बुडाशी लोक थुंकत. चुना आणि थुंकी यांनी तिथले पोलाद झिजू लागले. अखेर त्यांना फायबरग्लासची वेष्टणे घालावी लागली. रोजचा वापर करणाऱ्याची नजर मेली, की असे होते.

गुरुजी, वर्गात एक प्रयोग करून दाखवा. दोन बाके समोरासमोर ठेवा. प्रत्येकावरून एक पट्टी पुढे काढा, मागे पुस्तकांचे ओझे ठेवा आणि मध्ये तिसरी पट्टी टेकवा. मग एक पुस्तक उचला. पूल का कोसळला, ते मुलेच सांगतील. आणि मग त्यांना विचारा, आपल्या ओढ्यावरचा पूल तुम्ही कधी खाली वाकून पाहिला आहे काय?