स्प्रिंगची हवाई बंदूक

स्प्रिंगची हवाई बंदूक : दाबून धरलेली स्प्रिंग मोकळी करून ऐन वेळी हवा संपीडित करणारी व त्या हवेच्या दाबाने शिशाचा छर्रा फेकणारी बंदूक. मराठीत ती सामान्यतः ‘छऱ्याची बंदूक’ म्हणून ओळखली जाते. जत्रेतील फुगे फोडण्याच्या दुकानात तिचा पहिला परिचय होत असल्यामुळे ती खेळण्यातील व हाताळण्यास सोपी वस्तू आहे, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात अचूक नेमबाजीच्या दृष्टीने ती बरीच अवघड आहे. नेम नीट धरूनही छर्रे विखुरणे, पहिल्या काही बारांबरोबर नळीतून धूर येणे, दुर्बीण सैल होणे हे अनुभव नवशिक्या नेमबाजाला हमखास येतात आणि बंदूक सदोष असल्याची शंका त्याच्या मनात उद्‌भवते. या तक्रारींचे मूळ बहुधा बंदुकीच्या दोषात नसून तिच्या कार्यपद्धतीत असते.

रचना व कार्य : बंदुकीच्या मधल्या भागात एक पोलादी सिलिंडर असून त्यात दट्ट्या व त्यामागे मजबूत सर्पिल स्प्रिंग असते. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचे किंवा कृत्रिम द्रव्याचे वॉशर बसविलेले असते. सर्वाधिक प्रचारात असलेल्या प्रकारात नळी बिजागरीवर खाली मोडता येते. ती तरफेप्रमाणे खाली ओढली म्हणजे दट्ट्या मागे सरकतो, स्प्रिंग दाबली जाते व दट्ट्या एका खिट्टीत अडकतो. नळीच्या उघड्या मागील टोकात छर्रा बसवून नळी पूर्ववत मिटतात. चाप ओढताच खिट्टी सुटते, दट्ट्या वेगाने पुढे येतो आणि त्याच्यापुढील हवा एका अरुंद छिद्रातून छऱ्यामागे लोटली जाते. छर्रा बहुधा मध्यभागी कमरेसारखा निमुळता असतो. त्याची पातळ मागील कड दाबाने फाकून नळीतील आट्यांना घट्ट बसते व त्यामुळे त्यास स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते. छऱ्याचा प्रचलित व्यास ४·५ किंवा ५·५ मिमी. असतो. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदास २०० मी. वेगाने बाहेर पडला, तर त्याची ऊर्जा १० जूल भरते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्प्रिंगच्या बंदुकांची निर्मिती सुरू झाली होती. बर्मिंगहॅम येथील लिंकन जेफ्रीझ यांनी नळी न मोडता तिच्याखालील तरफेने स्प्रिंग दाबण्याच्या रचनेचे एकस्व १९०४ मध्ये घेतले व त्या धर्तीच्या बंदुका बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीने १९०५ पासून तयार केल्या. जर्मनीत रास्टाट येथील ‘डायना’ बंदुकांनाही मोठा लौकिक मिळाला. फाइनवेर्कबाउ या जर्मन कंपनीने १९६० नंतरच्या दशकात बाजारात आणलेल्या स्पर्धेच्या बंदुकांत सिलिंडर व नळी ही दस्त्यावर रुळाप्रमाणे मागे सरकू शकत. त्यामुळे धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत जवळजवळ पोहोचत नसे. अन्य काही रचनांत एकमेकांविरुद्ध दिशांनी धावणारे दोन दट्टे वापरून धक्का रद्द करण्यात आला. धक्क्याच्या निवारणासाठी इतके परिश्रम घ्यावे लागले, यावरूनच या बंदुकीची मुख्य अडचण ध्यानात येते.

नेम चुकण्याची कारणे : दारूच्या बंदुकीत प्रामुख्याने मागे बसणारा एक धक्का असतो. स्प्रिंगच्या बंदुकीत तो दुहेरी असतो. जड दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा प्रतिक्रिया म्हणून बंदूक मागे सरकते. सिलिंडरच्या टोकाशी दाबलेल्या हवेवर दट्ट्या अडला म्हणजे ती पुढे हिसकते. याशिवाय स्प्रिंग उलगडताना बंदुकीला किंचित पीळही देते. या हालचाली चालू असताना छर्रा अद्याप नळीतच असतो. दट्ट्या आपली धाव जवळजवळ संपवितो तेव्हा दाब कमाल होऊन छर्रा जागेवरून हलतो. चाप सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंत सु. एक शतांश सेकंद जातो. हा काळ अल्प वाटला, तरी दारूच्या चांगल्या बंदुकीच्या मानाने तो काही पट अधिक आहे. साहजिकच नेम धरताना नळी जेथे रोखली होती, तेथून नव्हे, तर बंदूक हलून जेथे आली असेल, तेथून छर्रा सुटतो.

ही हालचाल टाळता येत नाही. मात्र ती दर वेळी सारखीच होईल, एवढे पाहता येते. बंदूक सारखीच हलली, तर छर्रेही एकाच जागी पडतात. नवशिका नेमबाज हिसका दाबून टाकण्यासाठी बंदूक आवळून धरतो. हाताच्या स्नायूंचा जोर प्रत्येक वेळी वेगळा पडत असल्याने बंदुकीची हालचालही वेगवेगळी होते व छर्रे विखुरतात. दस्ता विटेवर, भिंतीवर किंवा टेबलाच्या कडेवर टेकविला, तर बंदूक त्या कठीण पृष्ठभागावरून उसळते. यासाठी बंदुकीचा पुढील भाग उघड्या तळहातावर नुसता ठेवावा, बोटे त्याभोवती आवळू नयेत आणि दस्ता खांद्याला हलकेच टेकवावा. तोफ जशी आपल्या गाड्यावर मोकळी मागे सरकते, तशी बंदूक सरकू द्यावी, हे या पकडीचे तत्त्व होय. तळहात दस्त्याखाली नेमका कोठे असावा, हे प्रत्येक बंदुकीच्या बाबतीत प्रयोगाने ठरवावे लागते व एकदा ठरले की ती जागा बदलू नये. चाप ओढल्यानंतरही क्षणभर डोळा माशीवर व माशी लक्ष्यावर ठेवणे आवश्यक असते. छर्रा कोठे लागला हे पाहण्यासाठी मान लगेच उचलल्यास नेम बिघडतो.

नव्या बंदुकीची लक्षणे : कारखान्यातून आलेल्या बंदुकीच्या सिलिंडरमध्ये तेल व वंगण यांचा अंश राहिलेला असतो. हवा एकाएकी संपीडित झाल्याने तिचे तापमान इतके वाढते की, डीझेल एंजिनातील इंधनाप्रमाणे हे तेल पेट घेते. धूर, जळकट वास व मोठा आवाज ही त्याची चिन्हे होत. या काळात छऱ्याचा वेग दर वेळी वेगळा असतो. म्हणून पहिल्या दिवशी केलेली नेमाची जुळणी पुढे टिकत नाही. काहीशे छर्रे झाडल्यानंतर जादा तेल जळून जाते, वॉशर सिलिंडरला बेताचे बसते, चाप मऊ होतो आणि वेग स्थिरावतो. इंग्लंडमध्ये जी. व्ही. कार्ड्यू व जी. एम. कार्ड्यू यांनी अशी बंदूक नायट्रोजन वायूत झाडून पाहिली, तेव्हा छऱ्याचा वेग घटल्याचे आढळले. रुळलेल्या बंदुकीतही वंगणाचे अल्प ज्वलन छऱ्यास गती देण्यास हातभार लावते, असे यावरून दिसते. तथापि वेग वाढविण्यासाठी सिलिंडरमध्ये मुद्दाम तेल सोडल्यास होणाऱ्या स्फोटाने वॉशर व स्प्रिंग निकामी होतात.

दुहेरी हिसक्यामुळे दस्त्याचे स्क्रू सैल होतात; ते वरचेवर तपासावे लागतात. केवळ मागील धक्का सोसण्यासाठी बनविलेली दुर्बीण पुढील हिसक्याने बिघडते. छर्रा न भरता बंदूक झाडू नये; पुढे प्रतिरोध नसल्याने दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर आदळतो.

नेमाची जुळणी : एका छऱ्यावरून माशी किंवा खाच हलविणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. एकाच पकडीने पाच किंवा दहा छर्रे झाडून छिद्रांचा पुंजका पहावा. पुंजका लहान पण एका बाजूस असेल, तर नेमसाधन जुळवावे. तो पसरट असेल, तर आधी पकड सुधारावी. वेगवेगळ्या घडणीचे छर्रे एकाच नळीतून वेगवेगळे परिणाम देतात, म्हणून तेही पारखून घ्यावे लागतात. अंतराचाही विचार करावा लागतो. सेकंदास २०० मी. वेगाचा छर्रा १० मी. अंतरात सु. सव्वा सेंमी. खाली येतो, तर २५ मी. अंतरात ही घट ८ ते ९ सेंमी. होते.

सुरक्षितता व कायदा : आवाज लहान असला, तरी जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा निकामी करू शकतो व प्रसंगी प्राणघातकही ठरतो. बंदूक सदैव भरलेली आहे असे समजून वागावे, लक्ष्यामागे छर्रा अडविणारा भक्कम आडोसा असावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. छर्रा बसविताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवावी. खिट्टी अकस्मात सुटल्यास नळी झटक्याने मिटून बोटे चिरडण्याचा धोका असतो. स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत बंदूक ठेवून देऊ नये. शिसे विषारी असल्याने सरावानंतर हात धुणे आवश्यक असते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार नळीचा व्यास ४·५ मिमी.हून किंवा छऱ्याची ऊर्जा २० जूलहून अधिक असलेल्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. विख्यात पक्षितज्ञ सलीम अली यांनी बालपणी खेळण्यातील हवाई बंदुकीने पिवळ्या गळ्याची एक चिमणी मारली व तिची ओळख पटविण्यासाठी ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली. तेथूनच त्यांच्या पक्षी-अभ्यासास प्रारंभ झाला. मात्र वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांच्या शिकारीस आता बंदी आहे. कागदी वा धातूचे लक्ष्य हेच या बंदुकीचे योग्य लक्ष्य होय.

स्पर्धा व सराव : दहा मीटर हवाई रायफलीचा समावेश १९६६ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत व १९८४ मध्ये लॉस अँजेल्स येथील ऑलिंपिक सामन्यांत झाला. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिमी. व्यासाचा असतो. या स्पर्धांत आता आधीच दाबून साठविलेल्या हवेच्या, जवळजवळ धक्काविरहित बंदुका वापरतात. अंजली भागवत, सुमा शिरूर या महाराष्ट्रातील नेमबाजांनी व बीजिंग येथे २००८ मध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्रा यांनी हा क्रीडाप्रकार भारतात लोकप्रिय केला. स्प्रिंगची बंदूक उच्च स्पर्धांतून मागे पडली असली, तरी तिला बाहेरून हवा भरावी लागत नाही, खर्च कमी येतो व ती दीर्घकाळ टिकते. त्यामुळे प्राथमिक सरावासाठी तिचे महत्त्व कायम आहे. पकड, श्वास, चाप व चाप ओढल्यानंतरची स्थिरता यांतील प्रत्येक चूक ती लक्ष्यावर उघड करते. तिच्यावर छर्रे एकत्र आणण्यास शिकलेल्या नेमबाजाला अन्य बंदुका तुलनेने सोप्या वाटतात.