दोराकडून मातीकडे

मुंबईत १९४९ साली जन्मलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जी यांनी सत्तरच्या दशकापासून वाखाचे दोर रंगवले आणि त्यांच्या गाठींतून शिल्पे उभी केली. बडोद्यात त्यांचे गुरू होते के. जी. सुब्रमण्यन. १९५९ ते १९६१ या काळात सुब्रमण्यन मुंबईत हातमाग मंडळात होते, आणि सत्तरच्या दशकात ते भाजक्या मातीच्या उठावशिल्पांकडे वळले. वस्त्र आणि माती यांच्यात भिंत नसते, हे मृणालिनींनी गुरूंच्या कामातच पाहिले असणार.

त्या कच्चे रेखाटन करत नसत. गाठीवर गाठ चढत जाई आणि त्यातूनच आकार ठरे. 'यक्षी' (१९८४) आणि 'वनश्री' (१९९४) या माणसाहून उंच मूर्ती अशाच घडल्या.

१९९६मध्ये नेदरलँड्समधल्या युरोपियन सिरॅमिक केंद्रात त्यांनी माती हाती घेतली. चाक नाही, फक्त हात. इथे सारे नियम उलटे होते. दोराचे शिल्प टांगता येते आणि गाठ उसवता येते. मातीला मात्र स्वतःचा भार खालून पेलावा लागतो. जाडी एकसारखी नसली तर वाळताना तडा जातो, आत ओल राहिली तर भट्टीत तुकडा फुटतो. तरीही १९९९-२०००च्या 'नाइट ब्लूम' मालिकेत पाकळ्यांच्या घड्या जाड कापडासारख्या पडतात. दोरावर काम केलेल्या बोटांनीच ती माती दुमडली आहे. पुढे त्या कांस्याकडे वळल्या. २०१५च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन उघडले आणि आठवडाभरातच, २ फेब्रुवारीला, त्या गेल्या. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयाने त्यांचे काम पुन्हा एकत्र मांडले.

हा प्रवास पालघरकरांना परका वाटू नये. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत, आणि जवळच्या पाड्यांवर कारवीच्या काटक्या बांधून कुड उभा करतात, त्यावर हाताने शेणमाती लिंपतात. वारली चित्र उमटते ते याच भिंतीवर. आधी बांधणी, मग माती, हा क्रम इथल्या घरांना जुनाच आहे. म्हणून आपल्या शाळांत चित्रकलेच्या तासाला कागदासोबत दोर आणि मातीही मुलांच्या हाती द्यायला हवी. एका माध्यमात मुरलेला हात दुसऱ्यात रिकामा जात नाही, हे मृणालिनींनी दाखवून दिले आहे.