'लस दिली: हो' म्हणजे नेमकं काय? महाडचा पूर, पाळीव कुत्री आणि संशोधनातली व्याख्या

'पावसाळ्यात कुत्र्याला साचलेलं पाणी पिऊ देऊ नका आणि लस वेळेवर द्या.' कुत्रा पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा सल्ला ऐकलेला असतो. सल्ला बरोबरच आहे. पण तुम्ही पेट परीक्षेची तयारी करत असाल किंवा संशोधनाचा आराखडा लिहायला बसला असाल, तर या एका वाक्यात तुमच्यासाठी बरंच काम दडलंय. 'साचलेलं पाणी' म्हणजे कोणतं? 'लस दिली' असं कधी म्हणायचं? आणि 'कुत्रा' म्हणजे कोणाचा कुत्रा? हे तीन शब्द आधी पक्के केले नाहीत, तर वर्षभर गोळा केलेली माहिती शेवटी काहीच सांगत नाही. आज हे महाडच्या उदाहरणावरून पाहू.

महाडच का?

महाड सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेलं आहे. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. घाटात पाऊस कोसळत असताना खाडीला भरती असेल, तर पाणी लवकर ओसरत नाही. जुलै २०२१ च्या पुरात शहरातल्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरलं होतं. पूर ओसरला की मागे चिखल राहतो, भिजलेलं धान्य राहतं आणि त्या धान्यावर उंदीर येतात.

इथे लेप्टोस्पायरोसिस हा आजार येतो. लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू उंदीर, घुशी, गुरं आणि कुत्री यांच्या लघवीतून बाहेर पडतात. ओल्या मातीत आणि संथ पाण्यात ते कित्येक दिवस, अनुकूल परिस्थितीत काही आठवडेही तग धरतात. कातडीवरच्या जखमेतून किंवा तोंड, नाक, डोळे यांच्या नाजूक आवरणातून ते शरीरात शिरतात. म्हणजे कुत्र्याने गढूळ पाणी प्यायलाच पाहिजे असं नाही. पंजाला चीर असेल तर त्यातून नुसतं चालणंही पुरतं.

लक्षणं साधारण आठवडा-दोन आठवड्यांत दिसतात. ताप येतो, कुत्रा खाणं सोडतो, उलट्या होतात, अंग दुखत असल्यामुळे उठायला कुरकुरतो. लघवीचं प्रमाण खूप वाढतं किंवा अगदी कमी होतं. काहींच्या हिरड्या आणि डोळे पिवळे पडतात. मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊन कुत्रा दगावू शकतो. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर बरेच वाचतात. पण बरा झालेला कुत्राही काही काळ लघवीतून जिवाणू सोडू शकतो, आणि ती लघवी घरातलंच कोणीतरी पुसत असतं. हाच आजार माणसालाही होतो. म्हणून हा प्रश्न एकट्या कुत्र्याचा राहत नाही.

आधी घरात काय करायचं ते

संशोधन होईल तेव्हा होईल, घरातला कुत्रा आज आहे. त्यामुळे या गोष्टी लक्षात ठेवा:

- जेवणाचं भांडं रात्रभर भरलेलं ठेवू नका. उरलेल्या भातावर उंदीर येतो, तिथेच लघवी करतो आणि सकाळी कुत्रा तेच भांडं चाटतो. ठरलेल्या वेळी वाढा, उरलं तर उचला, भांडं धुऊन पालथं घाला.
- पिण्याचं पाणी रोज बदला. बाहेरून तहानलेला आला तर तो डबकं शोधतो. घरून पिऊन निघालेला कमी शोधतो.
- चिखलातून आल्यावर पाय धुऊन कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत जखम आहे का पाहा.
- आजारी कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे घाला, जागा ब्लीचच्या पातळ द्रावणाने पुसा.
- ताप आणि उलट्या एकत्र दिसल्या तर पशुवैद्याकडे न्या आणि कुत्रा पुराच्या पाण्यात गेला होता हे स्वतःहून सांगा. घरातली माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

आता लसीकडे वळू, कारण संशोधनाची खरी गोम तिथेच आहे.

लस दिली: हो / नाही

समजा, तुम्ही पाहणीसाठी प्रश्नावली करताय. त्यात एक रकाना: 'लस दिली आहे का? हो / नाही.' शंभर घरं फिरलात, साठ ठिकाणी 'हो' आलं. या साठात काय काय असेल बघा. कोणी फक्त रेबीजची लस दिलेली असते, त्यात लेप्टोचा काहीच संबंध नसतो. कोणी एकत्रित लस दिलेली असते, पण तिच्यात लेप्टोचा घटक होता की नव्हता हे कुपीवरच्या लेबलवरूनच कळतं. कोणाचा पहिला डोस झाला आणि दुसरा राहिला. कोणाचे दोन्ही झाले, पण तीन वर्षांपूर्वी.

लेप्टोच्या लसीचे सुरुवातीला दोन डोस लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. त्यानंतर दरवर्षी एक. एक डोस आणि चुकलेलं वर्ष, दोन्हींचा अर्थ 'संरक्षणाची खात्री नाही' असाच होतो. शिवाय लेप्टोस्पायराचे बरेच उपप्रकार आहेत आणि लस मुख्यतः तिच्यात असलेल्या उपप्रकारांपुरतीच चालते. कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. दोन डोसांमधलं अंतर आणि त्यानंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला लागणारे दिवस धरले, तर पहिला डोस एप्रिलअखेरपर्यंत व्हायला हवा. जुलैत पाणी दारात आल्यावर दिलेला डोस नोंदवहीत 'हो' म्हणून लागेल, पण त्या पुरात उपयोगी पडेलच असं नाही.

म्हणून रकाना 'हो / नाही' असा ठेवू नका. कोणती लस, कोणत्या तारखांना, किती डोस, हे लसीकरणाचं पुस्तक पाहून लिहा. पुस्तक नसेल तर 'पुस्तक नाही' हेसुद्धा लिहा. नोंद आणि प्रत्यक्ष यांत अंतर असतं, आणि ते मोजणं हे संशोधकाचं काम आहे.

नोंद एक, व्यवहार दुसरा

हे अंतर किती मोठं असू शकतं, हे समजायला महाडइतकं चांगलं गाव नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला: सार्वजनिक निधीतल्या पाणवठ्यांचा वापर अस्पृश्यांनाही करता यावा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद पाहणाऱ्या संशोधकाने १९२५ साली तक्ता भरला असता, तर 'तळं सर्वांना खुलं: हो' असंच लिहिलं असतं. प्रत्यक्षात गुरं आणि कुत्री त्या तळ्यावर पाणी पीत होती, अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र ते घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावातलं 'हो' पहिल्यांदा तपासलं गेलं. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

अजून एक गोष्ट आपल्या विषयाला थेट भिडते. सत्याग्रहानंतर सनातनी मंडळींनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं, त्यासाठी पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतलं. आता हेच पाणी प्रयोगशाळेच्या नजरेने पाहा. गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा जाऊ शकतो. माणसाने ओंजळीने पाणी प्यायल्याने पाणी दूषित होत नाही. 'शुद्ध' हा शब्द तिथे पाण्याबद्दल बोलतच नव्हता, तो माणसांची उतरंड सांगत होता. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत 'तुमच्याकडचं पाणी शुद्ध आहे का?' असा प्रश्न ठेवू नका. लोक त्याला आपापल्या मनातल्या अर्थाने उत्तर देतील. त्याऐवजी विचारा: पाणी कुठून भरता? किती दिवस साठवता? झाकण आहे का? पुराचं पाणी त्या टाकीपर्यंत चढलं होतं का? यांची उत्तरं डोळ्यांनी तपासता येतात.

रक्ताच्या चाचणीवरही आंधळा विश्वास नको

'मग सरळ रक्त तपासू' असं तुम्ही म्हणाल. लेप्टोसाठी मॅट नावाची चाचणी वापरतात. रक्तद्रव टप्प्याटप्प्याने पातळ करून त्यात जिवंत लेप्टोस्पायरा मिसळतात आणि जिवाणूंच्या गुठळ्या होतात का हे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जितक्या पातळ द्रावणात गुठळ्या दिसतील तितकी प्रतिपिंडं जास्त.

यात तीन खड्डे आहेत. पहिला, लस घेतलेल्या कुत्र्यातही प्रतिपिंडं दिसतात. लसीची तारीख माहीत नसेल, तर हा संसर्ग की लस हे एका नमुन्यावरून ठरवता येत नाही. दुसरा, त्या भागातला उपप्रकार प्रयोगशाळेच्या संचात नसेल, तर आजारी कुत्राही निगेटिव्ह येऊ शकतो. तिसरा, आजाराच्या पहिल्या दिवसांत प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात. म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेतात आणि चौपट वाढ झाली का ते पाहतात. पहिल्या आठवड्यात रक्ताची आणि नंतर लघवीची पीसीआर चाचणी मदत करते, पण प्रतिजैविक सुरू झाल्यावर तीही निगेटिव्ह येऊ शकते.

कोणाचा कुत्रा?

शेवटचा शब्द. नमुने फक्त पशुवैद्यकीय दवाखान्यातून घेतले, तर ज्यांच्याकडे गाडी, पैसे आणि कामावरून सुट्टी आहे त्यांचीच कुत्री तुमच्या अभ्यासात येतील. कोकणात कितीतरी कुत्र्यांना पट्टा नसतो, पण तीन घरांतून भात मिळतो. 'तुमच्याकडे कुत्रा आहे का?' असं विचारलंत तर तिन्ही घरं 'नाही' म्हणतील. 'तुमच्या दारात रोज जेवणारा कुत्रा आहे का?' असं विचारा, तो लगेच सापडेल. लस बहुधा त्यालाच मिळालेली नसते आणि पोरं खेळतात ती त्याच्याबरोबरच.

तुलनेसाठी पूर न आलेलं गाव निवडतानाही असंच सावध राहा. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत नदी घरात शिरत नसेल, पण गोठा आहे, भाताच्या खाचरात पाणी आहे आणि राखणीचा कुत्रा दिवसभर तिथेच आहे. 'पूर नाही' म्हणजे 'संपर्क नाही' असं धरलंत, तर दोन गावांत फरक दिसणार नाही आणि पुराचा काही परिणाम नाही असा निष्कर्ष तुम्ही लिहून मोकळे व्हाल. तो निष्कर्ष वाचून कोणी लसीचा निधी कमी केला, तर त्याची किंमत गल्लीतली कुत्री आणि चिखल उपसणारी माणसं मोजतील.

तुमच्यासाठी एक सराव. आपल्या आराखड्यातले सगळे 'हो / नाही' रकाने काढा. प्रत्येकासमोर लिहा: हे 'हो' कोण सांगणार, ते कशावरून सांगणार आणि मी ते जाऊन कसं तपासणार. ज्या रकान्यासमोर तिसरं उत्तर सुचत नाही, तो मार्गदर्शकांकडे जाण्याआधी पुन्हा लिहा. आणि कुत्र्यांचे रक्तनमुने घ्यायचे असतील, तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आणि मालकाची लेखी संमती यांना लागणारे दिवस वेळापत्रकात आधीच धरा. पाऊस तुमच्या मंजुरीसाठी थांबत नाही.