लॉस अँजेल्समधील भित्तिचित्रे
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॉस अँजेल्स (कॅलिफोर्निया राज्य) या महानगराच्या मध्यवर्ती भागात इमारतींच्या दर्शनी भिंतींवर व द्रुतगती मार्गांच्या कडेच्या भिंतींवर रंगविलेली सार्वजनिक चित्रे. संग्रहालयातील चित्र पाहण्यासाठी प्रेक्षकाला मुद्दाम जावे लागते. रस्त्यावरील भित्तिचित्र वाटसरूच्या दृष्टीस सहज पडते. त्यामुळे त्याचा प्रेक्षकवर्ग व्यापक असतो. तथापि चित्र चित्रकाराचे व भिंत दुसऱ्याच्या मालकीची, अशी त्याची स्थिती असल्याने त्याचे अस्तित्व नेहमीच अनिश्चित राहते. या शहरातील भित्तिचित्रांच्या इतिहासात ही गोष्ट विशेषत्वाने प्रत्ययास येते.

या परंपरेतील महत्त्वाचे आरंभीचे चित्र म्हणजे मेक्सिकन चित्रकार दाव्हीद आल्फारो सिकेरोस (१८९६–१९७४) याचे ‘आमेरिका त्रॉपिकाल’ हे होय. ओल्व्हेरा मार्गावरील ‘इटालियन हॉल’ या इमारतीच्या वरच्या मजल्याच्या बाहेरील भिंतीवरील हे चित्र सु. २४ मी. लांब व ५.५ मी. उंच असून त्याचे अनावरण ९ ऑक्टोबर १९३२ रोजी झाले. चुन्याच्या पारंपरिक गिलाव्याऐवजी सिकेरोसने सिमेंटचा गिलावा व रंग फवारण्याचे यंत्र वापरले. उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे रम्य दृश्य त्याच्याकडून अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्याने क्रुसावर बांधलेला आदिवासी, त्याच्या मस्तकावर गरुड आणि बाजूस शस्त्रधारी शेतकरी रंगविले. अमेरिकेच्या साम्राज्यवादावरील ही टीका मानली गेली. रस्त्यावरून दिसणारा भाग थोड्याच काळात व पुढे काही वर्षांत संपूर्ण चित्र पांढऱ्या रंगाखाली झाकण्यात आले. १९६० नंतरच्या दशकात तो थर विटून मूळ आकृती पुन्हा दिसू लागल्या. त्याच सुमारास मेक्सिकन वंशाच्या नागरिकांची हक्कांसाठी चळवळ सुरू झाली होती. तिच्यातून पुढे आलेल्या चित्रकारांनी या चित्रात आपला पूर्वसूरी पाहिला व भित्तिचित्रणाला नवी चालना दिली.

मध्यवर्ती भागातील उत्तरकालीन कलाकृतींत विविधता आढळते. ब्रॉडवे मार्गावरील ‘द पोप ऑफ ब्रॉडवे’ (१९८५) या चित्रात एलॉय टॉरेझ याने मेक्सिकोत जन्मलेला अभिनेता अँथनी क्विन हा बाहू पसरलेल्या अवस्थेत दाखविला आहे. १९८४ च्या ऑलिंपिक सामन्यांनिमित्त द्रुतगती मार्गांवर दहा चित्रकारांकडून भित्तिचित्रे करवून घेण्यात आली. त्यांपैकी जूडी बाका हिच्या चित्राचा विषय स्त्री-धावपटू हा आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या व १८५६ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने मुक्त झालेल्या बिडी मेसन (१८१८–९१) या परिचारिकेचे जीवन शीला लेव्हरांट द ब्रेटव्हिल हिने सु. २५ मी. लांबीच्या काँक्रीट भिंतीवर कालक्रमाने मांडले आहे (१९८९). ही भिंत मेसनच्या घराच्या परिसरात उभारलेली असून सार्वजनिक कलेचे रंगचित्राहून वेगळे रूप तीत दिसते.

भित्तिचित्रांना कायद्याचे संरक्षण उशिरा मिळाले. कॅलिफोर्नियाच्या १९७९ च्या व संघराज्याच्या १९९० च्या अधिनियमांनी कलाकृतीच्या नाशाविरुद्ध काही अटींवर दाद मागण्याचा हक्क कलावंताला दिला. केंट ट्विचेल याने १९७८–८७ या काळात रंगविलेले चित्रकार एड रुशे याचे सहा मजली व्यक्तिचित्र २००६ मध्ये पूर्वसूचनेशिवाय रंगाने झाकले गेले. त्याबद्दल २००८ मध्ये तडजोड होऊन ट्विचेलला ११ लाख डॉलर मिळाले. चित्र मात्र वाचले नाही. जाहिरात-फलकांविषयीच्या कायदेशीर वादांमुळे नगर परिषदेने २००२ मध्ये खाजगी मालमत्तेवरील नव्या भित्तिचित्रांना बंदी घातली. कला व जाहिरात यांत भेद करणारा नवा नियम करून ही बंदी २०१३ मध्ये उठविण्यात आली.

‘आमेरिका त्रॉपिकाल’चे जतन गेटी संवर्धन संस्था व नगरशासन यांनी संयुक्तपणे केले आणि अनावरणानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी, ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, ते लोकांसाठी खुले करण्यात आले. मूळ रंग बव्हंशी नष्ट झाले असून ते नव्याने भरण्याचे मुद्दाम टाळण्यात आले. त्यामुळे आज दिसणाऱ्या फिकट चित्रात सिकेरोसच्या रेखाटनाबरोबरच ते झाकून टाकल्याच्या खुणाही पाहावयास मिळतात.