होमब्रू सभेचे सूत्रधार

हौशी गणककारांच्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबाचे नाव आज निघते ते बहुधा अ‍ॅपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी आपले पहिले यंत्र तेथे मांडले म्हणून. आणि ज्या गृहस्थांच्या गॅरेजात ही संस्था जन्मास आली, ज्यांनी तिच्या आरंभीच्या सभा चालविल्या आणि काही महिन्यांतच जे कामानिमित्त देशाच्या दुसऱ्या टोकास निघून गेले, त्या गॉर्डन फ्रेंच यांची इतिहासकारांनी एखाद्या ओळीत बोळवण केली आहे. ही संस्था इतकी वर्षे का टिकली हे समजून घ्यावयाचे, तर माझ्या मते त्या ओळीपाशीच थोडे रेंगाळले पाहिजे.

तो काळ १९७५ चा. त्या वर्षीच्या जानेवारीच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० या यंत्राचे चित्र झळकले होते. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथील मिट्स ही कंपनी चारशे डॉलरच्या आतबाहेर किमतीत त्याचे सुटे भाग टपालाने धाडीत असे आणि जुळणी ज्याची त्याने करावयाची. त्याला ना कळफलक होता ना पडदा, समोरच्या पट्टीवरील खटके वरखाली करून आज्ञा द्यावयाची आणि मिणमिणत्या दिव्यांवरून उत्तर वाचावयाचे. अशा यंत्रासाठी लोकांनी आगाऊ पैसे भरून महिनोन्‌महिने वाट पाहावी, यावरून त्या वेळच्या उत्कंठेची कल्पना यावी.

कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ नावाचे, नावाने कंपनी पण वृत्तीने पाठशाळा असलेले, एक केंद्र होते. त्याच्या परिसरात फ्रेंच आणि फ्रेड मूर यांची गाठ पडली. ही जोडी विजोड म्हणावी अशीच होती. मूर यांनी १९५९ साली, बर्कली विद्यापीठात नुकताच प्रवेश घेतलेला असताना, सक्तीच्या लष्करी शिक्षणाच्या निषेधार्थ स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवर उपोषण केले होते; पुढे सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवासही भोगला. पैशाविषयी त्यांना इतकी अप्रीती होती की १९७१ मध्ये ‘होल अर्थ कॅटलॉग’ या प्रतिसंस्कृतीच्या प्रकाशनाच्या समारोपप्रसंगी वाटण्यासाठी काढलेल्या वीस हजार डॉलरांच्या विनियोगावर रात्रभर खल होऊन उरलेली रक्कम अखेर त्यांच्याच स्वाधीन झाली, आणि म्हणतात की ती त्यांनी डब्यात घालून परसात पुरून ठेवली. फ्रेंच यांचे गणकप्रेम मात्र अशा कोणत्याही चळवळीतून उगवलेले नव्हते. ते व्यवसायाने यंत्रशिल्पी. इंटेलच्या ८००८ या चिपाभोवती एक गणक त्यांनी स्वतः आधीच जुळविला होता आणि त्याचे नाव ‘चिकन हॉक’ असे ठेवले होते. एकाला माणसे एकत्र यावीत असे वाटत होते, दुसऱ्याला यंत्र नीट चालावे असे. आणि ५ मार्च १९७५ च्या पावसाळी बुधवारी फ्रेंच यांच्या गॅरेजात ३२ जण जमले तेव्हा दोघांच्याही इच्छेची काहीशी पूर्ती झाली.

गॅरेज लवकरच अपुरे पडले. स्टॅनफर्डची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा, मग पेनिन्सुला स्कूल, आणि अखेर स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राचे भव्य सभागृह, असे संस्थेचे मुक्काम हलत गेले. पेनिन्सुला स्कूलमधील सभेत स्टीव्ह डॉम्पिअर यांनी आपल्या अल्टेअरजवळ एक साधा रेडिओ ठेवला आणि यंत्राच्या विद्युत्‌स्पंदनांनी त्यातून उमटणाऱ्या खरखरीला बीटल्सच्या एका गीताच्या सुरावर आणून बसविले; श्रोत्यांनी ते त्यांच्याकडून पुन्हा वाजवून घेतले असेल तर त्यात नवल कसले!

या वाढत्या जमावापुढे फ्रेंच यांची पद्धत मात्र तोकडी पडू लागली. त्यांचा पिंड शिक्षकाचा. सभेला नेमलेला विषय असावा, जाणत्याने तो क्रमवार समजावून द्यावा आणि इतरांनी शिकावे, असे त्यांना वाटे. जमलेल्या मंडळींना ओढ होती ती वेगळ्याच गोष्टींची: मिट्सची सदोष स्मृतिपट्टिका कोणी दुरुस्त केली, कोणाकडे कोणता सुटा भाग जास्तीचा आहे, आणि तो आज मिळेल काय. या सुप्त मतभेदाचा निकाल कदाचित भांडणाने लागला असता. तो लागला फ्रेंच यांच्या रवानगीने. बाल्टिमोर येथे सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्यात त्यांना सल्लागाराचे काम मिळाले, आणि ते गेले. यात त्यागाची भाषा वापरण्याचे कारण नाही; मनुष्य पोटापाण्यासाठी गावे सोडतच असतो. परंतु अध्यक्षपद म्हणजे वतन समजून ते हयातभर सांभाळणारे संस्थाचालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या साध्या निर्गमनाचे मोल सांगावयास नको. संस्थेला ना घटना होती ना सभासदत्वाचे दफ्तर. त्यामुळे सुपूर्द करावयाचे ते काय, तर सभेपुढे उभे राहण्याचा मान.

तो ली फेल्सेनस्टाइन यांच्याकडे आला. बर्कलीतील एका रेकॉर्डांच्या दुकानात १९७३ साली कोणाही वाटसरूला वापरता येईल असा गणकाचा फलक बसविणाऱ्या ‘कम्युनिटी मेमरी’ या प्रयोगातील हे एक अग्रणी. त्यांनी सभेची दोन भागांत विभागणी केली. पहिल्या भागात हातातील लांब काठीने ते एकेकाकडे निर्देश करीत, आणि त्या मनुष्याने आपल्याजवळ काय आहे, आपल्याला काय हवे आहे किंवा कानावर कोणती वदंता आली आहे ते थोडक्यात सांगावे. दुसऱ्या भागात सभागृहभर हवे तसे हिंडून ज्याने त्याने आपला माणूस गाठावा. भर बाजारात उभ्या असलेल्या चतुर दलालाचीच ही भूमिका, दलाली तेवढी वजा. सभा संपली तरी मंडळी पांगत नसत. ‘ओअ‍ॅसिस’ नावाच्या उपाहारगृहात बिअरच्या पेल्यांभोवती तीच चर्चा पुढे चाले. या व्यवहारातूनच प्रोसेसर टेक्नॉलॉजी, क्रोमेम्को आणि पुढे अ‍ॅपल अशा कंपन्यांच्या मंडळींना परस्परांचा आधार मिळाला, आणि याच व्यवहारात बिल गेट्स यांच्या कंपनीच्या ‘बेसिक’ या गणकभाषेची कागदी फीत सर्रास नकलून वाटली गेली, म्हणून १९७६ च्या आरंभी त्यांनी छांदिष्टांच्या नावे एक संतप्त अनावृत पत्र लिहिले. त्यांचा राग गैरवाजवी नव्हता. पण वाटून घेण्याचा हा शिरस्ता मूर यांनी पहिल्या दिवसापासून घातलेला होता.

मूर स्वतःही फार काळ राहिले नाहीत. खाजगी आयुष्यातील अडचणींमुळे तेही संस्थेपासून दूर झाले आणि त्यांनी सुरू केलेल्या वार्तापत्राचे संपादन पुढे रॉबर्ट रायलिंग यांनी पाहिले. म्हणजे दोन्ही संस्थापक लवकरच बाजूला झाले, आणि संस्था मात्र डिसेंबर १९८६ पर्यंत चालली. तोवर घरगुती गणकाचा प्रचंड उद्योग उभा राहिला होता. सुट्या भागांसाठी रात्री सभेला जाण्याची गरज उरली नव्हती.

फ्रेंच मात्र या वर्तुळातून कायमचे गेले नव्हते. बॉब मार्श यांच्या प्रोसेसर टेक्नॉलॉजीने १९७६ साली ‘सोल’ नावाचा, कळफलक आतच बसविलेला आणि दोन्ही बाजूंस अक्रोडाच्या लाकडी फळ्या लावलेला देखणा गणक बाजारात आणला. त्याच्या रचनेत मार्श आणि फेल्सेनस्टाइन यांच्या जोडीला फ्रेंच होतेच. सभेची काठी मात्र पुढेही फेल्सेनस्टाइन यांच्याच हाती राहिली.