पणुती नावाची मुलगी

गुलामांचा बाजार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बगदाद येते, नाही तर अमेरिकेतली कापसाची शेते. माझेही तसेच होते. पण बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२५ साली निघालेली ‘लेखपद्धति’ चाळायला घेतली, आणि तो बाजार एकदम दाराशी आला.

हा ग्रंथ म्हणजे चौलुक्य-वाघेल्यांच्या गुजरातेतल्या कारकुनांची नमुनेवही. दानपत्र कसे लिहावे, गहाणखत कसे, तह कसा, याचे मासले त्यात संस्कृतात दिले आहेत. दलाल आणि श्रीगोंदेकर या पंडितांनी तो संपादिला. त्या मासल्यांतच दासीपत्रे आहेत.

एका पत्रावर मी थबकलो. मुलीचे नाव पणुती. (डोळ्यांनी आधी ‘पणती’ असेच वाचले!) वय सोळा, वर्ण गोरा. राणा प्रतापसिंहाने महाराष्ट्रावर केलेल्या स्वारीत धरून आणलेली! डोक्यावर गवत ठेवून तिला चव्हाट्यावर उभी केली, नगरातल्या प्रमुखांना कळवले आणि विकली. ‘दाती तृण धरणे’ हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो. त्या गवताचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पुढे कामांची यादी. दळण, झाडलोट, सारवण, पाणी भरणे, मैला टाकणे, गाई-म्हशींच्या धारा, दही घुसळणे, शेतावर ताक पोचवणे, निंदणी, गवतकापणी. काम चुकवले तर धन्याने मारावे. अशा पत्रांत आणखी एक खबरदारी असते: दासीने विहिरीत उडी घेतली किंवा विष खाल्ले, तर दोष तिचा, धन्याकडे पाप नाही. हे कलम कारकुनाला सुचले कसे, याचा विचार करावा. विहिरीत उड्या पडत असल्याखेरीज का सुचले?

दुसऱ्या एका पत्रातली पोर तर दुष्काळाने गांजून आपण होऊनच आलेली. अन्नवस्त्र द्या, जन्मभर राबते, म्हणते.

माझे एक मित्र म्हणाले, “अहो, हा नुसता नमुना! पणुती खरीच होती कशावरून?” नसेलही. पण एकदाच घडणाऱ्या गोष्टीचा कोणी नमुना करून ठेवत नाही.

त्याच ग्रंथात देवगिरीचा यादव राजा सिंघण आणि लवणप्रसाद यांच्या तहाचाही मासला आहे. सालही तेच: संवत १२८८, म्हणजे इ. स. १२३१-३२. दोघांनी आपापल्या मुलखात राहावे, एकमेकांवर चालून जाऊ नये. एकाकडचा राजपुत्र मौल्यवान चीजवस्तू घेऊन दुसऱ्याकडे पळाला, तर त्याला थारा देऊ नये, वस्तू परत करावी. स्वारीत धरून नेलेल्या माणसांविषयी काही कलम आहे का, म्हणून मी तो तह पुन्हा वाचून काढला. नाही.